दोन राखणींचं गाव

२०१७ साली विजयनगरमध्ये सिमेंटची एक गोण ८,००० रुपयांना पडत होती. हिशेब सरळ होता. गोण पन्नास किलोची. मियाओहून ती पाठीवर आणणाऱ्याची मजुरी किलोमागे १५० रुपये. म्हणजे साडेसात हजार नुसते वाहून आणण्याचे, आणि वर सिमेंटचे. स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालयं बांधायची होती, म्हणून हा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला. ओझेकरी पाच दिवस चालत येत आणि त्यांची वाट नामदफाच्या जंगलातून जात असे.

विजयनगर अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, पार पूर्वेच्या टोकाला आहे. भारताचा एक चिंचोळा पट्टा तिथे म्यानमारमध्ये शिरलेला आहे. गावाच्या तीन बाजूंना म्यानमार आणि चौथ्या बाजूला १,९८५ चौरस किलोमीटरचं नामदफा राष्ट्रीय उद्यान. उरलेल्या देशाशी जमिनीवरून जोडणारी वाट एकच, मियाओ ते विजयनगर हा १५७ किलोमीटरचा रस्ता. या रस्त्याच्या शेवटी माणसं कशी राहतात आणि देश त्यांच्याकडून काय काय मागतो, हे पाहायला मी तिकडे गेले.

दिब्रुगडहून निघालं की दिग्बोई, मार्गेरिटा, लेडो ही गावं लागतात. १९०१ साली सुरू झालेला दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना, दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मग कोळशाच्या खाणी. जागुनच्या पुढे अरुणाचलात शिरताना इनर लाइन परमिट दाखवावं लागतं. मियाओ नोआ-दिहिंग नदीच्या काठावर आहे. तांगसा, सिंगफो, चकमा, नेपाळी, तिबेटी आणि लिसू अशा सगळ्यांची तिथल्या बाजारात ये-जा असते आणि सगळ्यांना सांधते ती अरुणाचलची हिंदी.

मियाओच्या बाजारात पुढच्या प्रवासाचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न वजनाचा येतो. एक लिसू बाई आपली बांबूची निमुळती पाटी भरत होती, तिच्या शेजारी मी बराच वेळ उभी राहिले. मिठाची जड पिशवी पाठीला टेकेल अशी आतल्या बाजूला. तिच्याबाहेर डाळ आणि साबणाच्या वड्या. मुलांच्या वह्या आणि औषधांचं पुडकं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून वर, आणि सगळ्यावर दुमडलेली ताडपत्री. वेताचा पट्टा कपाळावर चढवून ती उठली, दोन पावलं चालली, पुन्हा बसली. साबणाच्या चार वड्या काढून दुकानदाराला परत दिल्या, पैसे मोजून घेतले आणि पुन्हा उठली. त्या चार वड्यांचं ओझं तिला पहिल्या चढाआधीच कळलं होतं.

मियाओ सोडून पंचवीसेक किलोमीटर गेलं की देबन येतं. वनखात्याचं विश्रामगृह, खाली नोआ-दिहिंगचं हिरवट पाणी आणि समोर जंगलाची भिंत. विषुववृत्तापासून इतक्या उत्तरेला, २७ अंश अक्षांशाच्याही वर, सखल भागातलं सदाहरित वर्षावन जगात जवळपास कुठेच नाही. इथे ते टिकलं याचं श्रेय डोंगरांना आहे. दक्षिणेला पतकाईची रांग आणि उत्तरेला दाफा बुमचं शिखर उभं असल्यामुळे बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प खोऱ्यात अडकतं आणि उत्तरेची थंडी अडते. होलोंग आणि मेकाई हे इथले मोठे वृक्ष. त्यांचं खोड फांदी न फुटता सरळ वर जातं आणि पर्णछत्र इतक्या उंचीवर असतं की आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या रानात वाढलेल्या डोळ्यांना मान कुठवर मागे न्यायची हे पुन्हा शिकावं लागतं.

उद्यानाची उंची २०० मीटरपासून सुरू होते आणि दाफा बुमवर ४,५७१ मीटरला संपते. एकाच खोऱ्यात केळीच्या बनापासून कायमच्या बर्फापर्यंत सगळं आहे. म्हणून वाघ, बिबट्या, लाम चित्ता आणि हिमबिबट्या या चारही मोठ्या मार्जारांचा अधिवास इथे आहे. भारतातला एकमेव कपी, हुलॉक गिबन, सकाळी ओरडायला लागला की एका टोळीला दुसरी उत्तर देते आणि दरीभर तो गजर अर्धा तास चालतो. १९८१ साली देबनजवळ एका उडत्या खारीचा नमुना सापडला. ती नवीन जात निघाली आणि तिला नामदफाचं नाव मिळालं. त्यानंतर तिचा दुसरा पक्का नमुना हाती लागलेला नाही.

देबनच्या पुढे रस्ता म्हणजे नुसती आशा. १९७०च्या दशकात तो पहिल्यांदा खोदला गेला, पण दुरुस्ती झाली नाही आणि दरडी आणि झाडोरा यांनी तो काही वर्षांत गिळला. नंतर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून काम पुन्हा सुरू झालं. पाऊस थांबल्यावर हिवाळ्यात आता चारचाकी गाड्या गांधीग्रामकडे जाऊ लागल्या आहेत, पण मार्च-एप्रिलपासूनच सरी सुरू होतात आणि ऑक्टोबरपर्यंत डोंगर पुन्हा रस्त्यावर उतरत राहतो. आमची गाडी जिथवर चाक फिरलं तिथवर गेली. पुढे दरडीखाली रस्ता गेला होता, म्हणून चालत. वाटेतले थांबे मैलांच्या आकड्यांनी ओळखले जातात: चाळीस मैल, बावन्न मैल, ऐंशी मैल. काही आकड्यांवर लिसूंच्या वस्त्या आहेत, काहींवर फक्त पाणी आणि चूल पेटवायची सपाट जागा. हिवाळ्यात चार-साडेचारलाच सूर्य बुडतो, कारण इथेही घड्याळ मुंबईचंच चालतं. दुपारी तीनला मुक्काम गाठला नाही तर लाकडं अंधारात गोळा करावी लागतात.

गांधीग्राम हे लिसूंचं मोठं गाव. गावाचं जुनं नाव शिदी. सरकारी कागदांवर लिसूंची नोंद योबिन अशी होते. चीनच्या युन्नान प्रांतापासून उत्तर म्यानमारपर्यंत पसरलेला हा समाज गेल्या शतकाच्या पूर्वार्धात खिंडी ओलांडून या खोऱ्यात उतरला. भारतात ते काही हजारच आहेत, पलीकडच्या पुताओ भागात त्यांचे नातेवाईक राहतात.

ज्या घरात मी उतरले ते जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, खांबांवर उभं होतं. जमीन चेचलेल्या बांबूची, चालताना किंचित दबणारी. मधोमध चूल, तिच्यावर टांगलेली फळी. तिच्यावर मका, मिरच्या, मांसाचे तुकडे धुरात वाळत होते. घरातल्या आजीबाईंनी मला चुलीची कमी धुराची बाजू दिली आणि बांबूच्या पेल्यात चहा ओतला. चहात मीठ होतं. मियाओहून आलेलं मीठ पाहुण्याच्या चहात घालणं म्हणजे काय, हे बाजारातली ती पाटी पाहिल्यामुळे मला समजलं.

भिंतीला एक स्तोत्रांची वही अडकवलेली होती. पानांवर रोमन मोठी अक्षरं होती, त्यातली काही सरळ आणि काही उलटी छापलेली. १९१५च्या सुमारास सारा बा थाव हे कारेन धर्मोपदेशक आणि जेम्स फ्रेझर हे मिशनरी यांनी लिसू भाषेसाठी ही लिपी घडवली. छापखान्यात खिळे तेवढेच असल्यामुळे जास्तीच्या उच्चारांसाठी तेच खिळे उलटे करून वापरले. भाषेत सहा सूर आहेत, ते टिंबं आणि स्वल्पविरामांनी दाखवतात. घरातली मुलगी बोट फिरवत वाचत होती आणि आजी पाठ असलेले शब्द तिच्याबरोबर म्हणत होत्या. रविवारी चर्चमध्ये हीच स्तोत्रं सगळा गाव चार वेगवेगळ्या सुरावटींत एकत्र म्हणतो. वाद्य नसतं आणि त्याची उणीवही भासत नाही.

शेती दोन प्रकारची. नदीकाठच्या सपाटीवर पाणभाताची खाचरं आणि उतारावर झूम, म्हणजे फिरती शेती. मका, मोहरी, भोपळा घरापुरता. रोख पैसा मोठ्या वेलदोड्याचा. वेलदोडा ओल्या सावलीत येतो, वजनाला हलका आणि किमतीला जड, म्हणून पाठीवरून नेणं परवडतं. तांदूळ विकायला न्यायचा तर तो नेणाराच वाटेत खाऊन संपवेल. दूरच्या गावात कुठलं पीक तगतं हे असं पाठीवर ठरतं.

गांधीग्रामहून विजयनगर आणखी पुढे, सीमेच्या अंगाला आहे. १९६१ साली आसाम रायफल्सची एक मोहीम मेजर जनरल ए. एस. गुराया यांच्या नेतृत्वाखाली या खोऱ्यात पोहोचली. जागेचं जुनं नाव दाओदी होतं. गुराया यांच्या मुलाच्या नावावरून तिला विजयनगर म्हणू लागले. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं. निर्मनुष्य सीमा धोक्याची, हे दिल्लीला त्या युद्धाने शिकवलं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आसाम रायफल्समधून निवृत्त झालेल्या सुमारे २०० कुटुंबांना जमिनी देऊन इथे वसवलं गेलं. त्यात बहुतेक गोरखा होते. १९६७ साली भारत आणि ब्रह्मदेश यांच्यात सीमाकरार झाला आणि डोंगरांवर रेषा पक्की झाली.

हा मुलूख त्याआधी एकदा इतिहासात येऊन गेला होता. १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसलं तेव्हा काही निर्वासित विजयनगरच्या पलीकडच्या चौकान खिंडीतून भारताकडे निघाले. जून महिन्यात, भर पावसात, दाफा नदीने त्यांना अडवलं. आसामातल्या चहाच्या धंद्यातले गाइल्स मॅक्रेल हत्ती घेऊन तिथे पोहोचले आणि पुराच्या मधोमध बेटावर अडकलेल्या सैनिकांना त्यांनी माहुतांच्या जिवावर बाहेर काढलं. सुमारे २०० माणसं वाचली. आजही पावसाळ्यात दाफा पाहणाऱ्याला त्या माहुतांच्या धाडसाचं मोल पटेल.

निवृत्त सैनिकांच्या वस्तीत मला एक नेपाळी आजोबा भेटले. वडील आसाम रायफल्समध्ये, स्वतःचं बालपण इथलंच. "दीदी, आम्हाला सांगितलं होतं, रस्ता येतोच आहे," ते म्हणाले. "तेव्हा मी शाळेत जात होतो. आता माझी नातवंडं मियाओला शिकतात." त्यांच्या अंगणात संत्री लागली होती. झाडाखाली पडलेली फळं कोणी उचलत नव्हतं, कारण संत्री वजनदार आणि बाजार १५७ किलोमीटरवर.

या गावाचा श्वास बराच काळ आकाशातून चालला आहे. हवाई दलाच्या विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी धान्य, औषधं, माणसं आणली आणि नेली. इथली धावपट्टी खराब होऊन बंद पडली होती. दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि एएन-३२ विमान उतरलं. पण खोऱ्यावर ढग बसले की काहीच उडत नाही, आणि इथे ढग बसतात ते कित्येक दिवस. बाळंतपण अडलं, ताप डोक्यात गेला, झाडावरून कोणी पडलं, तर आकाशाकडे पाहायचं किंवा बांबूची डोली बांधायची. डोलीला खांदा देणाऱ्या माणसांची पाळी लावण्याची रीत गावात ठरलेली आहे. आजाऱ्याच्या घरचा माणूस पुढे चालतो, म्हणजे वाटेतल्या ओढ्यांचा अंदाज तो आधी घेतो.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, रस्ता करा आणि प्रश्न मिटवा. पण याच गावाच्या दाराशी दुसरी राखण सुरू होते, जंगलाची. १९७२ साली नामदफा अभयारण्य झालं, १९८३ साली राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प. नकाशावर रेषा ओढली गेली तेव्हा लिसूंचं रान, शिकारीच्या वाटा आणि जुन्या वस्त्यांच्या जागा तिच्या आत गेल्या. विजयनगरच्या सपाटीवरची चांगली भातजमीन निवृत्त सैनिकांना मिळाली, ही लिसूंची जुनी तक्रार आहे. नदीने काठ खाल्ले, माणसं वाढली आणि काही कुटुंबं उद्यानाच्या हद्दीत जाऊन शेती करू लागली. वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमण ठरलं. लिसूंचं भारतीय नागरिकत्व मान्य व्हायलाच १९९४ साल उजाडलं. म्हणजे उद्यानाची हद्द आखली जात असताना ज्यांची जमीन जात होती, ते लोक देशाचे नागरिक आहेत की नाहीत हेच ठरलेलं नव्हतं.

साचलेलं कधीतरी फुटतं. डिसेंबर २०२० मध्ये पंचायत निवडणुकीच्या वेळी, निवृत्त सैनिकांच्या कुटुंबांच्या मतदानाच्या हक्कावरून योबिनांचं आंदोलन पेटलं आणि विजयनगरमधल्या सरकारी कार्यालयांना आगी लावल्या गेल्या. मी दोन्ही बाजूंच्या घरांत बसून जेवले आहे. एका बाजूला ज्यांना देशाने बोलावून आणून वसवलं ते, दुसऱ्या बाजूला जे आधीपासून होते ते. दोघांचं म्हणणं खरं आहे, आणि दोघांना एकमेकांसमोर उभं करणारा निर्णय त्या दोघांपैकी कोणीच घेतलेला नव्हता.

लिसू पिढीजात शिकारी. आडवं धनुष्य घेऊन ते दिवसेंदिवस रानात राहतात. शिकारीने नामदफाचं नुकसान झालं हे खरं आहे, गावातली वडीलधारी माणसंही ते नाकारत नाहीत. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या डॉ. अपराजिता दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर इथे काम सुरू केलं, तेव्हा गावांतल्या शिकाऱ्यांच्या घरी एका लहानग्या भेकराची शिंगं आणि कवट्या सापडल्या. हे भेकर म्हणजे पर्णमृग, जेमतेम ११-१२ किलोचं, म्यानमारमध्ये पुताओजवळ १९९०च्या दशकाच्या अखेरीस नव्याने नोंदवलं गेलं होतं. भारतातल्या त्याच्या अस्तित्वाची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. विज्ञानाला जे तेव्हा कळलं ते लिसूंना कधीपासूनच माहीत होतं. त्याच अभ्यासकांनी पुढे शाळा, आरोग्य, दिवे यांसाठी गावांबरोबर काम केलं आणि लिसू तरुणांना जंगलाच्या नोंदी ठेवण्याच्या कामावर घेतलं.

असाच एक तरुण माझा वाटाड्या होता. वाटेतल्या होलोंगच्या ढोलीकडे बोट दाखवून त्याने सांगितलं की इथे धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून, आणि नर तिला फळं आणून देतो. ढोलीखाली त्याने माती चाळून बिया काढून दाखवल्या, कुठल्या झाडाच्या ते ओळखून वेगळ्या केल्या. "वडील याच्या चोचीसाठी मारायचे," तो म्हणाला. "मी याची पिल्लं मोजतो." मोठ्या बियांची झाडं लांबवर पेरण्याचं काम या रानात बऱ्याच अंशी धनेश करतो. धनेश गेला तर शंभर वर्षांनी जंगल बदलेल, हे त्या मुलाला कोणत्याही पुस्तकाशिवाय समजलेलं आहे.

सीमा राखायची म्हणून देशाला इथे माणसं हवी आहेत. जंगल राखायचं म्हणून देशाला इथून माणसं हटवायची आहेत. दोन्ही मागण्या एकाच खोऱ्यातल्या त्याच गावांकडे येतात आणि दोन वेगवेगळ्या कार्यालयांतून येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा थांबवण्याची आणि १,६४३ किलोमीटरच्या सगळ्या सीमेला कुंपण घालण्याची घोषणा झाली. एप्रिल २०२५ मध्ये व्हायब्रंट व्हिलेजेस योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. चीनखेरीज इतर सीमांवरच्या गावांनाही आता त्यातून पैसा मिळायचा आहे. तो इथवर पोहोचेल तेव्हा त्याने आधी जमिनीचा वाद मिटवावा, असं मला वाटतं. कोणती खाचरं कोणाची, उद्यानाची हद्द नेमकी कुठून जाते आणि तिच्या आतल्या वस्त्यांचं काय, हे गावांना सोबत घेऊन एकदा कागदावर ठरलं पाहिजे.

रस्ता हवाच. पोटात कळ आलेल्या बाईला पाच दिवस डोलीत घालून जंगल वाचत नसतं. पण तो रस्ता वाघ-गिबनांच्या घरातून जातो, तेव्हा रात्री वाहतूक बंद, लाकूड आणि शिकारीचा माल तपासणारी चौकी, आणि त्या चौकीवर लिसू रक्षक, हे रस्त्यासोबतच यायला हवं. ही माणसं कोणत्या ओढ्यावर कोणाचा माग आहे हे वाचू शकतात. त्यांना पगार, गणवेश आणि अधिकार दिला तर सीमा आणि जंगल या दोन्ही राखणी ते एकाच फेरीत करतील. तेवढं ज्ञान दिब्रुगडहून बदली होऊन आलेल्या कोणाकडे पंधरा वर्षांतही जमणार नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. इनर लाइन परमिट आणि उद्यानाची परवानगी मियाओला पोहोचण्याआधी हाती असू द्या. वाटाड्या आणि ओझेकरी गावातलेच घ्या, मजुरीत घासाघीस करू नका. आपला शिधा आपण न्या, गावातलं मीठ आणि तेल आपल्यासाठी खर्ची पडू देऊ नका. कचरा परत आणा. आणि परतीला पाऊस आला, पाय दुखले, सुट्टी संपत आली, तरी हेलिकॉप्टरची जागा मागू नका. ती आजाऱ्यांसाठी आणि परीक्षेला निघालेल्या मुलांसाठी आहे.